दासीचा प्रश्न

प्रिय चिमणी,

हे नाव लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. गेलं वर्षभर मनातल्या मनात मी तुला कितीतरी नावांनी हाका मारल्या. त्यातलं एकही कागदावर उतरवण्यासारखं नाही. शेवटी हेच लिहिलं, कारण दुसऱ्या कुठल्या नावाने तुला पत्र लिहायची सवयच नाही. वसतिगृहात न्हाणीघरापुढच्या रांगेत बादली घेऊन उभी असताना तू इतक्या वरच्या पट्टीत गायचीस, की मी एकदा वैतागून म्हटलं होतं, ही चिमणी कोणी मोकळी सोडली? आणि माझ्या जाड, घुमणाऱ्या आवाजाला तू पारवा म्हणालीस. पारवा पुल्लिंगी असतो गं, मी म्हटलं, तर म्हणालीस, तुझा आवाजही आहेच की! तेव्हापासून आपण चिमणी-पारवा. बी.एड. एकत्र केलं, नोकरीला लागलो एकाच शाळेत, तू गणिताची आणि मी संगीताची. दर रविवारी चर्चच्या गायकवृंदात शेजारी-शेजारी उभ्या राहिलो, तू वरच्या आवाजात, मी खालच्या. एकटी दिसले की लोक अजून तुझी चौकशी करतात. मी ‘बरी आहे’ म्हणते. बरी आहेस ना?

मी आता दातांच्या दवाखान्यात काम करते. दारातून आत आलं की समोरच्या टेबलामागे बसलेली बाई म्हणजे मी. फोन घ्यायचा, नाव विचारायचं, कोणाला आजच्या आज बघायला हवं आणि कोणाला पुढच्या आठवड्यापर्यंत दुखलं तरी चालेल, हे ठरवायचं. गाल धरून आलेला माणूस फार नम्र असतो, तेवढं एक सुख आहे. डॉक्टरीणबाई भल्या आहेत. पण आतल्या यंत्राचा आवाज! तो कुठल्याच सुरात धड लागत नाही, आणि दाताला टेकला की आणखी घसरतो. सुरुवातीला वाटायचं, ही शिक्षा कोणीतरी माझं माप घेऊन शिवली आहे. शाळांमध्ये अर्ज केले होते मी. पण जिच्या कागदांवर ‘निष्काळजीपणामुळे सेवेतून कमी’ असा शेरा आहे, तिच्या हाती मुलं कोण देणार? मुलाखतीला बोलवायचे, चहा द्यायचे, आणि चहा संपेपर्यंत नकाराला एखादं गोड कारण शोधायचे.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या जरा आधी एक म्हातारे गृहस्थ दाढ काढून घ्यायला आले. खुर्चीवर बसून गुडघ्यावर ताल धरत काहीतरी गुणगुणत होते. एक जुनं स्तोत्र होतं, धिम्या चालीचं. मी कपाटातून एक्सरेची पाकिटं काढत होते आणि माझ्याही नकळत खालचा आवाज धरून त्यांच्या मागे जात होते. चिमणे, वर्षभर माझ्या तोंडातून सूर निघाला नव्हता, भांडी घासतानासुद्धा नाही. ते थांबले, तेव्हा मला ऐकू आलं की मी अजून गातेच आहे. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा अर्धं तोंड बधिर झालेलं. तशा तोंडाने म्हणाले, “थुम्ही कुथे गाता?” मी म्हटलं, कुठेच नाही. तर म्हणाले, “मद बुधवाली या.” बुधवारी म्हणजे राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, हे मला त्यांनी चर्चचं नाव सांगितल्यावर कळलं. शहराच्या पार त्या टोकाचं चर्च. तिथला गायकवृंद गेली अनेक वर्षं तेच बसवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

मी जाणार नव्हते. आपल्या चर्चची पायरी मी का सोडली, हे तुला कोणी सांगितलं का? शाळेतल्या त्या चौकशीनंतरच्या रविवारी मी आले होते. मागच्या बाकावर खांबाआड बसले होते. वाटलं होतं, तू आज गाणार नाहीस, घसा दुखतो म्हणशील, निदान डोळे तरी वर करणार नाहीस. तू एकटीने उभी राहून गायलीस. आणि तुझा आवाज जसाच्या तसा होता गं, धुतल्यासारखा स्वच्छ. शेजारची आजी डोळे पुसत होती. मला वाटलं, देवाने निदान हिचा घसा तरी बसवायचा होता. एवढंही त्याला जमलं नाही? मी गाणं संपायच्या आत उठले, आणि त्या दिवशी तुझ्याबरोबर त्याच्याशीही बोलणं सोडलं.

तरी त्या बुधवारी गेले. का गेले ते सांगता येत नाही. दवाखान्यातून सुटले, आणि घराकडे जाणाऱ्या बसऐवजी दुसऱ्याच बसमध्ये चढले. फादरांनी कपाळाला राख लावली, माणूस मातीचा आहे ते सांगितलं. मी मनात म्हटलं, ते मला कळून चुकलंय, पुढचं बोला. मिस्साची उपासना संपल्यावर तालीम होती. मास्तरांनी बोट दाखवलं, “तिकडे खालच्या आवाजात, सिस्टरशेजारी बसा.” मला वाटलं, कोणी नन असेल. जवळ गेले तर नर्सच्या पांढऱ्या बुटांतली एक बाई, दवाखान्यातून थेट आलेली. तिने मान वर केली. ती आपल्या शाळेत पडलेल्या त्या मुलीची आई होती.

तू म्हणशील, उठून यायचं होतंस. उठणारच होते. पण तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. मी बसले. सगळी तालीम मला तिच्या बुटांखेरीज काही दिसलं नाही. डोळ्यांपुढे पुन्हा ते सभागृह उभं राहिलं.

तुला ते सगळं माहीत आहे, पण मला ते एकदा माझ्या शब्दांत लिहू दे. स्नेहसंमेलनाची तालीम. मुली मंचावरच्या लाकडी पायऱ्यांवर रांगेने उभ्या, तू पियानोवर. शिपाई सांगत आला की मुख्याध्यापिकेने मला आत्ताच्या आत्ता बोलावलंय. मी तुझ्याकडे बघितलं. तू स्वरपट्टीवरून हात न उचलता म्हणालीस, “जा तू, मी बघते.” मी गेले. परत येते तो आरडाओरडा, वरच्या पायरीवरची ती पोर खाली, आणि तिचा हात कोपरापाशी असा वळलेला, की तो तिचा वाटेचना. रुग्णवाहिकेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती सारखी विचारत होती, बाई, गाण्यातून मला काढणार नाही ना?

आणि मग ती चौकशी. लांब टेबल, संस्थेचे सचिव, मुख्याध्यापिका, आणि समोरच्या खुर्चीवर तू. लहान मुलींना यात ओढायचं नाही, असं संस्थेने आधीच ठरवलं होतं. ऐकायला किती चांगलं वाटलं ते! मी सांगितलं, मुलींना मी हिच्यावर सोपवून गेले. सचिवांनी तुला विचारलं. तू पुढ्यातल्या पेल्याकडे बघत म्हणालीस, “बाई निघाल्या त्याआधीच मी सभागृहातून गेले होते. मला काही कल्पना नव्हती.” चिमणे, इतक्या वर्षांत तू मला कधी बाई म्हणाली नव्हतीस. बाकीचं खोटं मला नंतर कळलं, आधी तो शब्द लागला. मी पुढे एक अक्षर बोलले नाही. लोकांना वाटलं, तोंड उघडायला जागाच उरली नाही हिला. मला वाटत होतं, संध्याकाळी तू घरी येशील. धापा टाकत जिना चढशील, म्हणशील, पारव्या, मी घाबरले गं, उद्या जाऊन खरं सांगते. मी दाराची कडी लावली नव्हती. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्याही नाही.

असो. उपवासकाळाबद्दल सांगत होते. फादर म्हणाले, प्रत्येकाने आपल्याला प्यारं असलेलं काहीतरी सोडावं. तुला आठवतं, तू दर वर्षी चहा सोडायचीस, आणि ईस्टर उजाडेपर्यंत आमच्यावर इतकी खेकसायचीस, की शिक्षकांच्या खोलीत सगळे तुला चहा घे म्हणून हात जोडायचे? यंदा मी विचार केला, मला काय प्यारं आहे? आणि खरं उत्तर आलं, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तुला ऐकवायची वाक्यं. वर्षभर मी तीच रचत होते. बसमध्ये, भाजी चिरताना, फोनवर कोणाला ‘जरा थांबा हं’ सांगून. काय एकेक वाक्य होतं! तू ऐकलं असतंस तर जागेवरून उठली नसतीस. ठरवलं, हे सोडायचं. रोज सकाळी उपवास धरायचा आणि दवाखान्याचं कुलूप उघडायच्या आत तो मोडायचा. चहा सोडणं किती सोपं असतं, हे तेव्हा कळलं.

फक्त तालमीत ती वाक्यं गप्प बसायची. त्यात भक्ती किती आणि नाइलाज किती, देव जाणे. खालच्या आवाजाला चाल म्हणून काही नसते, तुला ठाऊक आहे. वरचे आवाज मिरवतात, आम्ही एका सुरावर पाय रोवून उभ्या, आणि नेमक्या जागी पाऊल खाली टाकायचं. जरा लक्ष हललं की सगळी इमारत कलते. तिथे तुझा विचार करायला सवडच नव्हती. आणि उपवासकाळातलं गाणं किती उघडं असतं! वेदीवर फुलं नाहीत, ऑर्गन नुसता आधारापुरता, ‘हालेलूया’ शब्द तर बंदच. इतकी वर्षं ते आपण नियम म्हणून पाळलं. यंदा मला वाटलं, हे माझ्याचसाठी ठेवलंय. जिला आनंदाने गाता येत नाही तिलाही गाता यावं, म्हणून वर्षातले एवढे आठवडे देवाने आनंदाचा शब्दच बाजूला काढून ठेवलाय. एका रविवारी आमच्या शिंपीकाकांनी सवयीने तो शब्द दणदणीत लावला, आणि मग तोंडावर हात ठेवून असे उभे राहिले, जणू कोणाचं कापड उलटं कापलं गेलंय. सगळे हसले. मीही हसले. शेजारून सिस्टरही हसली, आणि आमची नजर एकदम एकमेकींवर पडली. दोघींनी पटकन मान वळवली.

तिचा आवाज जरासा उतरतो. दिवसभर पायांवर उभं राहून आलेल्या बाईचा उतरणारच. पहिल्या तालमींना ती माझ्यापासून अंग चोरून गायची. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की अवघड जागा आली की तिचा सूर माझ्या सुरावर टेकतो. ती बोलत नव्हती, बघत नव्हती, पण टेकत होती. मीही जरा जास्त घट्ट धरायला लागले. आमच्या दोघींत एक कागद असायचा, पान ती उलटायची.

मग मास्तरांनी गुड फ्रायडेची तालीम सुरू केली. येशूच्या दुःखसहनाची कथा त्यांनी स्वतः सुरांत बांधली आहे. साधी आहे, आमच्यासारख्यांना झेपेल अशी. त्यात माझ्या वाटणीला आली ती दासी. येशूला धरून नेलंय, बाहेर अंगणात शेकोटी पेटलीये, त्याचा शिष्य पेत्र तिथे हात शेकत उभा आहे. त्या घरची दासी त्याच्याकडे बघते आणि विचारते, की तूही त्याच्याबरोबर होतास ना? एवढीच ओळ. मला कागद हातात आल्यावर हसूच आलं. देवाला विनोद कळतो तर! मी ती ओळ अशी लावली, की शिंपीकाका, आमचे पेत्र, खरोखर एक पाऊल मागे सरले. मास्तरांनी हात खाली घेतला. म्हणाले, “बाई, तुम्ही त्याला फासावर चढवताय. तिला शेकोटीपाशी एक ओळखीचा चेहरा दिसलाय, म्हणून ती विचारतेय. तिला उत्तर माहीत नाही.” माझ्या तोंडून निघून गेलं, “माहीत आहे.” मास्तर शांतपणे म्हणाले, “तुम्हाला असेल. तिला नाही. पुन्हा घ्या.”

पुन्हा घेतली, पुन्हा चुकली. आठवडाभर चुकत राहिली. मला नुसतं विचारताच येईना. प्रत्येक वेळी त्यात निकाल असायचा. शिवाय आणखी एक होतं. पेत्र भीतीने तीनदा येशूची ओळख नाकारतो. त्याने तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर मास्तरांनी ऑर्गन थांबवलाय. थोडी शांतता, आणि मग पेत्राचं रडणं. ते पेत्राला दिलेलंच नाही. ते आम्हा खालच्या आवाजाच्या बायकांना दिलंय, शब्दांशिवाय, ओठ मिटून. मी मास्तरांना म्हटलं, ज्या बाईने विचारलं तिनेच त्याच्यासाठी रडायचं, हा कुठला न्याय? ते चष्मा पुसत म्हणाले, “मग कोण रडणार? तो तर बाहेर पळालाय.” मी रागाने घरी आले आणि त्या दिवशी उपवास अगदी पोटभर मोडला.

पुढच्या तालमीनंतर मी चर्चच्या पोर्चमध्ये अवकाळी पावसामुळे छत्री उघडत होते, तेव्हा सिस्टर मागून आली. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. म्हणाली, “एक विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

अगं, कोणी विचारलंच नव्हतं मला हे! सगळ्यांनी सांगितलं होतं, मी कुठे असायला हवी होते ते. तिच्या आवाजात ना राग होता, ना दया. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं. बोलावणं आलं होतं, आणि पियानोवर माझी मैत्रीण होती, ती म्हणाली मी बघते. सिस्टरने पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, “आमची पोर म्हणते, दाराशी गणिताच्या बाई होत्या. पाठ करून उभ्या होत्या. फोनवर होत्या आणि रडत होत्या. त्या का रडतायत म्हणून ही वाकून बघायला गेली आणि पाय सुटला. आम्हाला वाटलं, भुलीत काहीतरी बडबडतेय. शाळेने तर सांगितलं होतं, तिथे कोणीच नव्हतं.”

चिमणे, तू रडत होतीस.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. भावजींच्या तपासणीचा निकाल त्या दुपारी आला होता, हो ना? मला तू ते नंतर सांगितलंस, चौकशी संपल्यावर, तेही शाळेतल्या दुसऱ्या बाईंकरवी, जणू तो आत्ताच आलाय. मी अंथरुणावर बसून पुन्हा पुन्हा तो दरवाजा बघत होते. नवऱ्याला कर्करोग आहे हे फोनवर ऐकणारी बाई, घरात एकटी कमावती, पाठीमागे किंचाळी. त्या क्षणाचा मला राग येत नाही, कसा येईल? पण त्यानंतर किती दिवस गेले गं! तू मला फोन करून म्हणाली असतीस, पारव्या, असं असं झालं, माझी नोकरी गेली तर यांचं औषधपाणी कसं करू, तर मी काय केलं असतं? तुला माहीत आहे मी काय केलं असतं. मी स्वतःहून म्हटलं असतं, ती तिथे नव्हती. तुझ्याऐवजी ते खोटं मी बोलले असते, आणि आपण दोघी त्या ओझ्याखाली एकत्र राहिलो असतो. तू ते माझ्याकडे मागितलं नाहीस. माझ्या परवानगीशिवाय घेतलंस, आणि वर मला बाई म्हणालीस. वर्षभर मला वाटत होतं, तू मला पाण्यात ढकललंस. त्या दिवशी कळलं, त्याच्याही आधी, दाराशी जे ऐकलंस ते मला न सांगून, तू मला परकी ठरवून टाकलं होतंस. हे जास्त लागलं. ते अजून लागतंय, आणि या पत्राने ते थांबेल अशी माझी समजूत नाही.

गुड फ्रायडेला चर्च गच्च भरलं होतं. मी सिस्टरच्या शेजारी उभी होते. माझी ओळ आली तेव्हा मला काही ठरवावं लागलं नाही. पोर्चमधला तिचा आवाज कानात होता, तसंच विचारलं. तूही त्याच्याबरोबर होतास ना? शिंपीकाकांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं आणि त्यांचा आवाज मधेच फाटला, तालमीत कधी फाटला नव्हता. तिसऱ्या नकारानंतर ती शांतता आली. मग आम्ही ओठ मिटून त्याचं रडणं धरलं, आणि मला तुझी पाठ दिसली, दारातली. मी गात होते की रडत होते, सांगता येत नाही. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, तेही विचारू नकोस. सिस्टरचा हात माझ्या हाताला लागून होता, तो तिने काढला नाही. समोर तो लाकडावर टांगलेला. वाटलं, ज्याला आपल्याच माणसाने ओळख नाकारली, त्याला मला काही समजावून सांगायची गरज नाही. वर्षभराने मी त्याच्याशी बोलले. काय बोलले ते आमच्यातच राहू दे.

ईस्टरच्या सकाळी फुलं आली, ऑर्गन मोकळा झाला, आणि शिंपीकाकांनी तो शब्द हक्काने दणाणून सोडला. मला वाटलं होतं, माझ्या गळ्यातून तो निघणार नाही. निघाला. खालच्या आवाजाला त्यात फार काही नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं आणि परत यायचं. पण छातीत जागा झाल्यासारखं वाटलं, बंद खोलीची खिडकी उघडावी तसं. राग गेला नाही, चिमणे. मात्र आता तो खोलीच्या एका कोपऱ्यात बसतो, सगळी खोली व्यापत नाही. मिस्सा झाल्यावर ती पोर आईचा हात सोडून धावत आली. तिचा उजवा हात आता पूर्ण सरळ होत नाही. मोठी झालीये, उंच. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तर तीच म्हणाली, “बाई, तुम्ही आमचं गाणं अर्धंच शिकवलंत. दुसरं कडवं राहिलंय.”

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. ईस्टरनंतर सिस्टरने आणि मी संस्थेकडे अर्ज केला, आणि चौकशी पुन्हा घ्यायची असं त्यांनी मान्य केलं आहे. या वेळी ती पोर बोलणार आहे, आईला शेजारी बसवून. आणि साक्षीदार म्हणून मी तुझं नाव दिलं आहे. तुला रीतसर नोटीस येईलच. ती कोणा परक्याच्या सहीने तुझ्या हातात पडायच्या आधी तुला हे माझ्या अक्षरात कळावं, म्हणून घाईने लिहिते आहे. पोर काय सांगणार तेही मी लपवलं नाही, तुला खिंडीत पकडायचं माझ्या मनात नाही. भावजी आता काठी घेऊन फिरायला जातात असं औषधांच्या दुकानात कळलं, ऐकून खरंच बरं वाटलं, त्यांना सांग. तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही, तुला निकाल कळला तो क्षण कोणता होता हे मी स्वतः त्यांना सांगेन. पण माझं काम, माझं नाव आणि त्या मुली मला परत हव्या आहेत, आणि त्यासाठी तू तिथे होतीस हे तुझ्या तोंडून यायला हवं. ते तुला विचारतील. तू काय म्हणशील, मला माहीत नाही. हे लिहितानासुद्धा खरोखरच माहीत नाही. ये, आणि या वेळी सांग.

अजून तरी तुझीच,
पारवा